कागदावरच्या जुळ्या

दातारबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत प्रवेशाच्या टेबलाशी बसले होते. एप्रिलचा शेवट. सुरतेत कतारगामच्या ज्या खासगी शाळेत मी शिकवते, तिथं या दिवसांत आईवडिलांची रांग लागते. एक जूनला सहा वर्षं पूर्ण असतील तरच पहिलीत नाव, असा आता नियम आहे, आणि समोरच्या बाईंच्या मुलाला चार दिवस कमी पडत होते. जन्माचा दाखला त्यांनी लॅमिनेट करून आणला होता. "मॅडम, चार दिवसांसाठी आख्खं वर्ष? तो बघा ना केवढा थोराड दिसतो," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मुलगा त्यांच्या मागे मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता आणि मी "कागदावर आहे तेच धरावं लागतं" हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणत होते. तेवढ्यात फोन वाजला. बाईंचा भाचा प्रसाद, वडोदऱ्याहून. "छायाताई, मावशी गेली. सकाळी चहा घेऊन गॅलरीत बसली होती. शेजारच्या हंसाबेननी पाहिलं तेव्हा चहा तसाच होता..." मी समोरच्या बाईंना म्हटलं, "एक मिनिट हं." त्या एका मिनिटात मी काय केलं ते मला आठवत नाही. मुलाची आई उठून मला पाणी देत होती एवढं आठवतं.

मग मी मंगलला फोन लावला. मंगल माझी धाकटी बहीण. कोसाडला क्वार्टरमध्ये राहते, जवळच्याच एका साड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मागे मशिनांचा आवाज होता. "बाई गेल्या," मी म्हटलं. "कोणत्या?" तिनं विचारलं. आम्हा दोघींच्या आयुष्यात 'बाई' म्हणावी अशी दुसरी कोणी नव्हती, हे तिलाही माहीत होतं. मग नुसताच मशिनांचा आवाज... आणि फोन कट झाला. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "कधी नेणार?" "दुपारी." "मी येते." आली. कारखान्यातले कपडे, केसांत साडीच्या लेसचा एक चमकणारा तुकडा अडकलेला. शेवटपर्यंत थांबली.

निवृत्त शिक्षकांवर असे लेख येतात, मी वाचते. त्यांत शिस्त असते, छडी असते, पुढे मोठे झालेले विद्यार्थी असतात. दातारबाईंवरही तसा लेख लिहिता येईल, आणि त्यातलं काही खोटं असणार नाही. पण गेले पाचसहा आठवडे मी लिहायला बसते आणि माझ्यासमोर एक वही उघडते. शाळेच्या कपाटातली, लाल कापडी पाठीची. आमच्याकडे गुजरातेत तिला वयपत्रक म्हणतात. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. त्यातल्या एकाखाली एक अशा दोन ओळी बाईंनी माझ्यासमोर लिहिल्या होत्या. त्यांतली एक माझी, दुसरी मंगलची.

आम्ही भेस्तानला राहायचो. आबा शिरपूरकडच्या एका खेड्यातून आलेले, कापड विणायच्या लूमवर कामाला. बारा तास. माय घरी साड्यांचे धागे कापायची. गठ्ठे यायचे, खोलीभर साड्या पसरायच्या, आणि आम्ही त्या साड्यांच्या मधल्या जागेत वाढलो. लहान मूल म्हणजे काय, याचा आमच्या खोलीत कोणी विचार केला नव्हता. उभं राहता येऊ लागलं की भांडं धरायचं, बोटांत कात्री धरता आली की धागा कापायचा. मंगल झाली तेव्हा मी दोन-अडीच वर्षांची असेन, आणि माझी पहिली आठवण म्हणजे तिचं वजन. माझ्या कंबरेवर ती. मी चारची झाले, पाचची झाले, ती कंबरेवरच. मी कधी रडले तर माय कात्री न थांबवता म्हणायची, "रडू नको, तू आते लहान नही शे." मी लहान नाही, हे मी तेव्हापासून धरून चालले.

दातारबाई तेव्हा पस्तिशी उलटलेल्या असतील. वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे नाशिकहून सुरतेत आलेल्या, लग्न न केलेल्या, अडाजणला आईबरोबर राहणाऱ्या. दोन बस बदलून त्या भेस्तानच्या आमच्या मराठी शाळेत यायच्या. जूनच्या आधी त्या गल्लीगल्लीतून फिरत आणि मुलं गोळा करत. आमच्या दारात उभ्या राहून त्यांनी मायला विचारलं, "ही मोठी शाळेत का नाही?" मायनं मंगलकडे बोट केलं. "हाई लहानी तिनाबिगर ऱ्हात नही, बाई. हिले कोण देखी?" बाई म्हणाल्या, "मग दोघींना पाठवा."

सुरुवातीला मंगल नुसतीच माझ्याशेजारी बसे. पण दुपारचं जेवण फक्त नाव असलेल्या मुलांना मिळे, आणि मी माझ्या ताटलीतलं तिला भरवत असताना एकदा मोठ्या गुरुजींनी पाहिलं. नाव नाही ते मूल वर्गात नको, असं ते म्हणाले. मंगल घरी म्हणजे मीही घरी. दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना कपाटापाशी नेलं. तेव्हा आमच्यासारख्यांकडे जन्माचा कागद नसायचा. आया सांगायच्या, पोळ्याला झाला, सासरा गेला त्या साली झाली... आणि मग उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो का, ते बघायचं. लागला तर सहा वर्षांचं. माझा लागला. मंगलचा हात जेमतेम डोक्याच्या मध्यावर आला आणि तिथंच थांबला. ती चार वर्षांची होती, फार तर सव्वाचार. तिला तो खेळ वाटला, ती हसायला लागली. बाईंनी तिची मान हलकेच कलती केली, कोपर धरून ओढलं. बोटाचं टोक कानाला लागलं की नाही, मी सांगू शकत नाही. "पोचला," बाई म्हणाल्या.

दोघी बहिणी, दोघी सहाच्या. मग त्यांनी थोडा विचार केला आणि दोन्ही ओळींत एकच तारीख लिहिली. एक जून. "आजपासून तुम्ही जुळ्या," त्या आम्हाला म्हणाल्या, आणि खूप दिवसांनी काही चांगलं केल्यावर माणूस हसतं तशा हसल्या. ते चांगलंच होतं. मला आजही दुसरं काही म्हणता येत नाही. त्या दिवशी ते झालं नसतं तर मी आज कतारगामच्या त्या टेबलामागे नसते.

पहिलीत मंगल वर्गात झोपायची. बाई तिला शेवटच्या बसकरपट्टीवर झोपू द्यायच्या, अंगावर ऊन आलं की खिडकी लावायच्या. दुसरीतही कोणी काही म्हणालं नाही. पण वर्षं जात राहिली आणि कागदावरचं वय आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. बाई आमच्याबरोबर वर्ग बदलत वर आल्या. तिसरीत सगळ्यांचे पुढचे नवे दात आले होते तेव्हा मंगलचे दुधाचे दात पडत होते, आणि मुलं तिला बोळकी म्हणायची. चौथीत भागाकार आला. मला तो एका दिवसात आला. मंगल रोज फळ्यापाशी उभी राही, खडू हातात घेऊन, जणू कोणीतरी मागून येऊन उत्तर लिहून देणार आहे. एक दिवस बाईंचा धीर सुटला. "इतकी कशी गं ढ तू? बहीण बघ तुझी. एका दिवशी जन्मलात ना दोघी?"

मी पहिल्या बाकावर होते. मला वाटलं बाई चेष्टा करताहेत. मग मी त्यांचा चेहरा पाहिला. चेष्टा नव्हती. त्या विसरल्या होत्या... स्वतःच लिहिलेलं त्यांना खरं वाटायला लागलं होतं. मी हात वर करून सांगू शकले असते. बाई, ती अजून आठचीही नाही. मी सांगितलं नाही. वर्गातल्या सगळ्यांसमोर मला हुशार म्हटलं होतं, आणि ते फार गोड लागत होतं. मंगलनं खडू खाली ठेवला, जागेवर येऊन बसली आणि त्यानंतर तिनं उत्तर शोधायचा प्रयत्नच सोडला. आठवीनंतर शाळाही सोडली. घरात कोणाला वाईट वाटलं नाही. ती ढ होती, सगळ्यांना माहीत होतं. ती घरी बसून मायबरोबर धागे कापू लागली, आणि तिचं काम इतकं सफाईदार होतं की कोणती साडी आपली आणि कोणती तिची, ते मायलाही कळत नसे.

मी पुढे शिकत गेले. बाई माझी फी कमी करून घ्यायच्या, पुस्तकं आणायच्या, इंग्रजीचा पेपर घरी बोलावून करून घ्यायच्या. बारावी झाले, पी.टी.सी.ला, म्हणजे शिक्षकाच्या कोर्सला, नंबर लागला, आणि त्याच महिन्यात आबांनी माझं लग्न काढलं. समाजाचा सामुदायिक विवाह होता शिरपूरला. बाई धावत भेस्तानला आल्या. साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून त्या आबांशी दीड तास बोलल्या. मुलगी मास्तरीण होईल, घराला आधार होईल, दोन वर्षं थांबा. आबा तसे ऐकणारे होते. शेवटी म्हणाले, "बरं, राहिलं हिचं." बाईंनी माझ्याकडे पाहून डोळे पुसले. मंगल त्यांना चहा देत होती. बाईंनी तिच्या हातातून कप घेतला, पण तिच्याकडे पाहिलं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

आठवड्यानं आबा शाळेत गेले. बाई तोवर मुख्याध्यापिका झाल्या होत्या. मंगलचा दाखला उंदरांनी कुरतडला, दुसरी प्रत हवी, असं आबा म्हणाले. "कशाला हवी?" "रेशनकार्डात नाव चढवायचंय." बाईंनी वयपत्रक काढलं, त्यातली ओळ नव्या कागदावर उतरवली, सही केली, शिक्का मारला. सामुदायिक विवाहात नाव नोंदवायला मुलीच्या अठरा वर्षांचा पुरावा लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी ते त्यांच्या मनात आलं नाही, एवढंच. नंतर त्या मला अनेकदा सांगायच्या, "अगं, मी सही करताना फोनवर बोलत होते. फोनवर..."

माझ्या जागी मंगलचं नाव असलेली पत्रिका त्यांच्या हातात पडली ती आम्ही गावी निघायच्या आदल्या दिवशी. दुपारची वेळ होती. बाई रिक्षानं आल्या, चप्पल न काढताच आत आल्या. बाईंना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. "ती जेमतेम सोळाची आहे," त्या म्हणाल्या. "हे लग्न मी होऊ देणार नाही. मी सांगेन. पोलिसात सांगेन."

आबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डब्यातून दाखला काढला, घडी उलगडली आणि बाईंपुढे धरला. "बाई, हाई तुमीच लिखेल शे ना?" मग अगदी साधेपणानं, जणू खरंच विचारताहेत असं म्हणाले, "मी त कधी तारीख सांगीच नही. माले काय माहीत?"

 बाई त्या कागदाकडे बघत होत्या. तारीख खोटी आहे असं म्हणायचं तर त्यांची नोकरी जात होती, आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या तारखेच्या वरच्या ओळीत तीच तारीख माझी होती. एक खोटी ठरली की दुसरीही वही उघडून तपासली जाणार. माझा पी.टी.सी.चा प्रवेश पंधरा दिवसांवर होता. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या मला विचारत होत्या. शिक्षकानं विद्यार्थ्याला इतकं सरळ कधी विचारलं नसेल... मी खाली बघितलं. खाली एक निळी साडी पसरली होती, तिच्या कडेला एक धागा कापायचा राहिला होता. मी त्या धाग्याकडे बघत राहिले, आणि मान वर केली तेव्हा खोलीत बाई नव्हत्या. मंगल मोरीत भांडी घासत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

लग्न झालं. मंगलचा नवरा वाईट माणूस नाही, हे मी तिच्या बाजूनंच सांगते. पण वर्षाच्या आत ती बाळंतपणाला आली आणि बाळ हाती लागलं नाही. दवाखान्यातल्या नर्सनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हिचं खरं वय काय गं?" मी म्हटलं, "एकोणीस." कागदावर तेच होतं. पुढे पाच वर्षांनी अर्पिता झाली, आणि ती दोघं सुरतेला परत आली.

बाईंनी निवृत्तीपर्यंत त्या शाळेत काढलं, पण हात कानाला लावून बघणं त्यांनी त्या वर्षीच बंद केलं. मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचे. आई वारल्यावर त्या एकट्याच होत्या. आम्ही शाळेबद्दल बोलायचो, मुलांबद्दल बोलायचो. मी त्यांना माझ्या शाळेतल्या गमती सांगे. सोळा वर्षांच्या मुलाचा डबा घेऊन दाराशी थांबलेले वडील, 'बेबी अजून लहान आहे' म्हणून दहावीतल्या मुलीला सहलीला न पाठवणारी आई. दुसरीकडे तीन वर्षांच्या पोराला मुलाखतीला बसवायचं म्हणून क्लास लावणारे तेच लोक. बाई ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "छाया, लहानपण किती वर्षांचं हे मुलांना कुठं माहीत असतं? ते आपण ठरवतो. आपल्या सोयीनं ताणतो, आपल्या सोयीनं कापतो. मी नाही का..." मंगलचं नाव आमच्यात क्वचितच निघे. पण ती त्या घरात असे. बाई दोनच कप मांडत आणि मग तिसऱ्याकडे हात जाऊन परत येई.

इमारतीतल्या मुलांना त्या वय विचारायच्या आणि उत्तरावर विश्वास ठेवायच्या नाहीत. "खरं सांग," म्हणायच्या. वॉचमनच्या मुलीला कडेवर धाकटा भाऊ घेऊन पायऱ्यांवर बसलेलं पाहिलं की त्या तिसऱ्या मजल्यावरून उतरून यायच्या, त्या बाळाला स्वतः घ्यायच्या आणि मुलीला म्हणायच्या, "जा, खेळून ये." त्या मुलीला कळायचं नाही काय करायचं. ती तिथंच उभी राहायची.

शेवटच्या वर्षी त्यांचं भान मधूनच सुटायला लागलं. एका दुपारी मी गेले तेव्हा त्यांनी दारातच मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. "हळू. झोपलीय ती." खोलीत कोणी नव्हतं. पलंगाच्या पायाशी, फरशीवर, उशी ठेवलेली होती. "पंखा कमी कर," त्या कुजबुजल्या, "लहान आहे फार." मी पंखा कमी केला. आम्ही दोघी मे महिन्याच्या त्या उकाड्यात घामानं निथळत अर्धा तास बसलो, त्या रिकाम्या उशीकडे बघत. मला भीती वाटली का? वाटली. पण खरी भीती मला नंतर जिना उतरताना वाटली, कारण मीही त्या अर्ध्या तासात हळू आवाजात बोलले होते.

मी मंगलला सांगितलं. एकदा चल म्हटलं. इतक्या वर्षांत ती बाईंकडे कधी गेली नव्हती. ती म्हणाली बघते, आणि पाच महिने गेले. मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती स्वतःच अर्पिताला घेऊन माझ्याकडे आली. "चल," म्हणाली. अर्पिता पंधरा वर्षांची. ओठांना फिकट रंग, हातात फोन, मैत्रिणींबरोबर व्हिडिओ बनवते आणि ते शेकडो लोक बघतात. मंगल तिला पाण्याची बादलीही उचलू देत नाही. बसमध्ये जागा मिळाली तेव्हा तिनं अर्पिताला बसवलं आणि स्वतः उभी राहिली. "बस, लहान आहेस तू." आपण काही लहान नाही, असं अर्पिता वैतागून गुजरातीत म्हणाली, "मम्मी, हुं कंई नानी छोकरी नथी!" मंगलनं आपल्या पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, फोडींच्या शिरा काढल्या आणि एकेक फोड तिच्या हातावर ठेवत राहिली.

बाई त्या दिवशी पूर्ण भानावर होत्या. मंगलला बघून उठायला लागल्या, जमलं नाही. बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी विचारलं, "किती वर्षांची झालीस गं?"

"कागदावरची का खरी?"

"खरी."

"मला नाही माहीत, बाई," मंगल म्हणाली. "माय गेली. आबा गेले. आता सांगणारं कोण आहे?"

बाईंनी हात जोडले.  "मंगल, त्या लग्नाचं..." मंगलनं ते हात धरून खाली ठेवले. रागानं नाही, आणि फार प्रेमानंही नाही, घरकामात एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसे. "लग्नाचं तुमच्या एकटीचं नव्हतं. तिथं सगळे होते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. "तुम्ही मला ढ म्हणालात, ते माझ्या मनात आहे. मला ते खरंच वाटलं. अजून कोणी हिशेब विचारला, फॉर्म भर म्हणालं, की मी म्हणते मला नाही येणार. मी करूनच बघत नाही."

 बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. अर्पिता फोन बंद करून आईकडे बघत होती. हे तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. मग मंगलच म्हणाली, वेगळ्याच आवाजात, "पण तुमच्या वर्गात मी झोपायचे ना... शेवटच्या पट्टीवर. खिडकी लावायचात तुम्ही. तेवढीच झोपले मी. घरी कुठं झोपायला मिळत होतं दिवसा." निघताना तिनं बाईंना वाकून नमस्कार केला. क्षमा केली असं ती म्हणाली नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. त्यानंतर बाई सहा महिने जगल्या, आणि मला त्यांनी मंगलबद्दल एकदाही काही विचारलं नाही. उशी मात्र फरशीवरच असायची.

परवा प्रसादनं बोलावलं. फ्लॅट विकायचा ठरला आहे, रंगारी सोमवारी येणार होते, तुम्हाला काही हवं असलं तर घेऊन जा, म्हणाला. मी मंगलला विचारलं, ती आली. आम्ही पुस्तकं बांधली, भांडी हंसाबेनना दिली. स्वयंपाकघरातून भांडी आणताना मंगल दारात थबकली. दाराच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, एरवी पडद्याआड झाकल्या जाणाऱ्या भागात, पेन्सिलीनं आडव्या रेघा मारलेल्या होत्या. पडदा काढल्यामुळे त्या आता दिसत होत्या. इमारतीतल्या मुलांची उंची. प्रत्येक रेघेशी बाईंच्या वळणदार अक्षरात नाव आणि ज्या दिवशी रेघ मारली ती तारीख. वॉचमनची मुलगीही होती, चार वेळा. वय कोणाचंच लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यांत खाली, माझ्या कंबरेच्या उंचीला, एका रेघेशी नाव नव्हतं, तारीखही नव्हती. मी हंसाबेनना विचारलं ही कोणाची. त्यांनी जरा आढेवेढे घेतले. "ए तो बेने जाते..." मग मोडक्या मराठीत म्हणाल्या, ती बाईंनी गेल्या वर्षी स्वतः मारली. कोणी उभं नव्हतं तिथं. बाई वाकल्या होत्या, एक हात हवेत असा धरला होता, डोक्यावर ठेवतात तसा, आणि दुसऱ्या हातानं रेघ मारत होत्या. "सीधी उभी रहा, सीधी उभी रहा, असं बोलत होत्या."

हंसाबेन गेल्यावर मंगल खाली बसली. त्या रेघेवर तिनं बोट ठेवलं, काढलं, बोटाला लागलेली पेन्सिल बघितली. मला वाटलं ती रडेल. ती उठली, पायातल्या चपला काढल्या आणि चौकटीला पाठ टेकवून उभी राहिली. टाचा लाकडाला लागल्यात का, ते तिनं खाली वाकून बघितलं आणि पुन्हा ताठ झाली.

"माझी घे," ती म्हणाली.

मी पर्समधून पेन्सिल आणि एक छोटी वही काढली. तिच्या डोक्यावर वही आडवी धरून रेघ मारली. तिच्या केसांत आता पांढरं आहे, इतक्या जवळून मी ते पाहिलं नव्हतं. रेघेशी मी 'मंगल' लिहिलं आणि माझा हात थांबला.

"तारीख?" मी विचारलं.

"आजची लिही," ती म्हणाली. "आजची आपल्याला माहीत आहे."